कामाचा दर आणि कामाचा दर्जा

(स्वतःचा छोटा व्यवसाय नव्याने सुरू केलेल्या तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



माझी ओळख करून देताना 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं सांगितलं गेलं. ते खरं आहे, मी पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो. पण आज संगणकाबद्दल बोलणार नाही. माझ्या धाकट्या भावानं वर्षभरापूर्वी सोलापुरात कार डिटेलिंगचं दुकान टाकलं. त्याआधी सहा वर्षं तो एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करत होता. दुकानात हात त्याचा चालतो. रोजची नोंद आमची बहीण ठेवते आणि महिन्यातून दोन रविवार मी तिच्या वहीपाशी बसतो. भांडवलात आमच्या अम्मीच्या चार बांगड्या आहेत, त्या अजून बँकेतच आहेत. त्यामुळे आज जे सांगणार आहे, ते पुस्तकातलं नाही. त्या वहीतलं आहे.

इथे बसलेल्यांपैकी कुणाचं टेलरिंग आहे, कुणाचं फॅब्रिकेशन, कुणी केक करून विकतं. उदाहरण मी गाडीचं देईन, पण नव्या धंद्यात सगळ्यांनाच दोन प्रश्न पडतात. पैसे किती घ्यायचे? आणि त्या पैशांत काम किती चांगलं द्यायचं? आपण हे दोन वेगळे प्रश्न समजतो. दर ठरवताना शेजाऱ्याकडे बघतो आणि दर्जाबद्दल बोलताना स्वतःच्या इमानाकडे. माझं म्हणणं एवढंच आहे की हा एकच प्रश्न आहे. चुकीचा दर लावून इमानानं काम करणं फार दिवस जमत नाही.

आधी हे काम काय आहे ते थोडक्यात सांगतो. वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली जाते, अर्ध्या तासात बाहेर पडते. डिटेलिंग म्हणजे गाडीचा रंग, काचा, चाकं, आतली सीट, छत, गालिचा हे सगळं बारकाईनं साफ करणं, रंगावरचे ओरखडे शक्य तितके काढणं आणि मग त्यावर संरक्षणाचा थर देणं. यातलं सगळ्यात जोखमीचं काम रंगाचं.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ थरावर उभी आहे. उन्हापासून रंग वाचवतो तोही हाच थर.

उन्हात गाडीच्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते तुम्ही पाहिले असतील. बहुतेक वेळा ते रोजच्या पुसण्यातून येतात. धुळीनं भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की धूळच पॉलिश पेपरचं काम करते. हे ओरखडे काढायचे म्हणजे ते भरून येत नाहीत. मशीनवर पॅड लावून, कंपाऊंड घेऊन, ओरखड्याच्या तळापर्यंतचा क्लिअर कोट घासून सपाट करावा लागतो. गॅरेजच्या भाषेत याला 'रबिंग' म्हणतात. प्रत्येक रबिंगला काही मायक्रॉन जातात. ते परत येत नाहीत. आणि पत्र्याच्या कडांवर, जिथे थर आधीच पातळ असतो, तिथे रोटरी मशीन दोन सेकंद जास्त थांबलं तर रंग जळून खालचा प्रायमर दिसतो. मग तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. टेलरनं घाईत मारलेली शिलाई उसवता येते. रबिंग उसवता येत नाही. गिऱ्हाईक जे आपल्या ताब्यात देतं त्यात एक मर्यादित साठा असतो आणि आपण त्यातला थोडा खर्च करत असतो. बँकेतल्या माणसासारखी ही जबाबदारी आहे.

आता हे काम नीट करायला वेळ किती लागतो ते पाहू. आधी चाकं. मग फोम मारून सैल धूळ खाली उतरवायची. मग दोन बादल्यांनी धुणं, एकीत शॅम्पू आणि दुसरीत फक्त हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग ब्रेकची बारीक लोखंडी पूड विरघळवणारं द्रावण, जे लोखंडाला लागलं की जांभळं होतं. मग क्ले, म्हणजे मातीच्या गोळ्यासारखा पदार्थ फिरवून रंगात रुतलेली घाण काढायची. मग गाडी कोरडी करून, रबर आणि प्लास्टिकवर टेप लावून मशीन. आधी कंपाऊंड, मग बारीक पॉलिश. शेवटी अल्कोहोलच्या द्रावणानं पुसून तेल काढायचं आणि लाइट मारून तपासायचं. लहान हॅचबॅक असेल तरी एका माणसाचे १४ तास सहज जातात.

सोलापुरात यात आणखी दोन गोष्टी आहेत, ऊन आणि पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. उन्हात गाडी धुतली तर पाणी वाळतं आणि क्षाराचे पांढरे ठिपके उरतात. काही दिवसांनी ते रंगात रुततात. म्हणून धुणं सावलीतच, एकेक भाग धुऊन लगेच टिपून घ्यायचा, शेवटचं पाणी फिल्टरचं. यात वेळही जातो आणि पैसाही. मुंबईतल्या दुकानाचा दर बघून सोलापूरचा दर लावता येत नाही तो असा. भाडं कमी असलं तरी पाणी महाग पडतं.

आता दराकडे येऊ. दुकान उघडलं तेव्हा भावानं सगळेच करतात ते केलं. जवळच्या तीन दुकानांचे दर विचारले आणि त्याहून शंभर-दोनशे कमी लावले. गाड्या आल्या. हातात पैसेही दिसत होते. पण चौथ्या महिन्यात बहीण म्हणाली, "भाई, गाड्या वाढल्या, पैसे का वाढत नाहीत?" तेव्हा आम्ही वही उघडून बसलो.

आम्ही जसा केला तसा तो हिशेब सांगतो. आकडे गोल केलेत, तुम्ही तुमचे घाला. दुकानाचं भाडं २०,०००. दोन कारागीर, प्रत्येकी १६,०००, म्हणजे ३२,०००. वीज आणि पाणी ५,०००. कर्जाचा हप्ता ६,०००. पॅड, मशीन, कपडे यांची झीज ४,०००. विमा, फोन आणि किरकोळ खर्च ३,०००. आणि भावाचा स्वतःचा पगार २५,०००. बेरीज ९५,०००.

पगाराच्या ओळीवर जरा थांबा. आपल्यातले बहुतेकजण ही ओळ लिहीतच नाहीत. "जे उरेल ते माझं" असं म्हणतात. भाऊ गॅरेजात होता तेव्हा उस्ताद त्याला पगार देत होता. आता तो स्वतः उस्ताद झाला, तर त्याच्या श्रमांची किंमत शून्य कशी होईल? हीच गोष्ट आमच्या बहिणीची. तिचा दिवसातला दीड तास वहीला जातो. तिचे पैसे आता आम्ही किरकोळमधून बाहेर काढून वेगळ्या ओळीत लिहिणार आहोत. घरातल्या बाईचं काम फुकट धरलं की हिशेब छान दिसतो, पण तो खोटा असतो.

आता तास. तीन माणसं, रोज ८ तास, महिन्याचे २६ दिवस. एकूण ६२४ तास. पण हे सगळे तास विकले जात नाहीत. फोन, सामान आणणं, दुकान झाडणं, मळके कपडे धुणं, पावसात रिकामं बसणं, वेळ देऊन न आलेलं गिऱ्हाईक. आम्ही तीन महिने तास लिहून काढले. बिलावर चढवता येतील असे साधारण ३४० तास निघाले. ९५,००० भागिले ३४०, म्हणजे तासाला २८० रुपये. दुकानाचा खरा भाव हा आहे. भिंतीवरचे सगळे दर यातून निघतात.

गाडीची आतून पूर्ण सफाई करायला एका माणसाचे ६ तास लागतात. ६ गुणिले २८०, म्हणजे १,६८०. सामान २५० रुपयांचं. झाले १,९३०. त्यावर आम्ही १५ टक्के घेतो. ते खर्चायचे नाहीत, वेगळ्या खात्यात ठेवायचे. पुन्हा करून द्यावं लागलेलं काम, बिघडलेलं मशीन, कधी द्यावी लागलेली भरपाई यासाठी. म्हणजे दर २,२००. आमचा आधीचा दर होता १,२००. मशीनच्या कामाचे १४ तास धरले तर ३,९२०, सामान ९००, वर १५ टक्के, म्हणजे ५,५००. बाजारात रबिंग-पॉलिश १,५०० रुपयांत मिळतं.

मग १,५०० वाल्याला ते कसं परवडतं? त्यानं तास कापलेले असतात. दोनच वाटा असतात. एक, क्ले नाही, टेप नाही, लाइट नाही, जाड कंपाऊंड आणि रोटरी मशीन घेऊन दीड तासात गाडी गुळगुळीत करायची. क्लिअर कोट गिऱ्हाइकाचा जातो. दोन, तेलकट पॉलिश मारायचं. ते ओरखड्यांत भरतं, गाडी आरशासारखी दिसते, आणि तीन-चार धुण्यांनंतर सगळे ओरखडे परत दिसतात. आपल्याकडे भाव कमी करण्याला घासाघीस म्हणतात. आमच्या धंद्यात भाव जितका घासला जातो, तितकी गाडीही घासली जाते.

आणखी एक तिसरी वाट आहे, ती आपल्या वस्तीतल्या गॅरेजांत सगळ्यांनी पाहिली आहे. छोटू. १२-१३ वर्षांचा पोरगा, चहा आणतो, चाकं घासतो, संध्याकाळी पन्नास रुपये घेऊन घरी जातो. "काम शिकतोय" असं म्हणतात. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब पाहा. जो दर छोटूशिवाय परवडत नाही, तो दर त्या पोराच्या शाळेतून वसूल झालेला असतो. चाकं साफ करायच्या काही द्रावणांत तीव्र आम्ल असतं, त्यानं कातडी जळते. आमच्या दुकानात दोघेही कारागीर सज्ञान आहेत, हातमोजे आणि मास्कचा खर्च सामानात धरलेला आहे. वरच्या २५० आणि ९०० मध्ये तो आहे.

दर वाढवल्यावर काय झालं, तेही सांगतो. पहिल्या महिन्यात गाड्या जवळजवळ निम्म्या झाल्या. विकलेले तास २०० वर आले. त्याच महिन्यात जुन्या गाड्यांचा एक व्यापारी दुकानात आला. महिन्याला २० गाड्या देतो म्हणाला, गाडीमागे १,००० रुपये रोख. काम काय? आतून सफाई, बाहेरून धुणं, आणि ओरखडे "दिसायला नको" एवढं पॉलिश. गाडीला साधारण ५ तास.

मी गणित मांडलं. १०० तास गुणिले २८०, म्हणजे २८,००० चा खर्च, मिळणार २०,०००, सामान वेगळं. भाऊ म्हणाला, "भाई, तुझं गणित बरोबर आहे, पण माझे १४० तास रिकामेच जातायत. भाडं तर द्यायचंच आहे, पोरांचा पगार द्यायचाच आहे. २०,००० आले तर ते वरचेच." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रिकाम्या तासाचा खर्च आधीच झालेला असतो. त्या तासात सामानाच्या खर्चाहून जे जास्त मिळेल, तेवढा भार हलका होतो. हे अर्थशास्त्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पोटानं शिकवलं होतं.

मग आम्ही तिघांनी बसून दोन प्रश्न वेगळे केले. रिकामे तास कमी दरात द्यायचे का? हो, पण ते खरंच रिकामे असले पाहिजेत. शनिवार-रविवारी ५,५०० चं काम दारात उभं असताना १,००० चं काम रॅम्पवर नको. आणि दुसरा प्रश्न, कोणतं काम द्यायचं? तेलकट पॉलिशनं ओरखडे लपवायचे, तर ती गाडी घेणारा माणूस फसतो. तो बहुधा पहिल्यांदाच गाडी घेणारा असतो, आपल्यासारखाच. ते काम २८० च्या दरानं मिळालं असतं तरी करायचं नव्हतं.

आम्ही व्यापाऱ्याला सांगितलं: सोमवार ते गुरुवार, आतून सफाई आणि बाहेरून धुणं, ४ तासांचं काम, १,२०० रुपये, बिलासह. ओरखडे जसे आहेत तसे राहतील. तो नाराज झाला. बाकीच्या गाड्या दुसरीकडे गेल्या. पण ८ गाड्या आमच्याकडे येतात, कारण सीटवरचा गुटख्याचा डाग आणि गालिच्यातला वास काढायचं काम त्याला तसं दुसरीकडे मिळत नाही. ८ गाड्यांचे ९,६०० रुपये होतात. २०,००० झाले नाहीत. भावाला ते अजूनही टोचतं, हे मी लपवणार नाही.

आता ओळखीच्या लोकांकडे येऊ. नव्या धंद्याला सगळ्यात जड जातात ती आपलीच माणसं. मामूंची गाडी, मित्राच्या लग्नाची गाडी, मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसाची गाडी. "घरचंच दुकान आहे" असं म्हणून ते येतात, प्रेमानं येतात. त्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. आम्ही एक पद्धत धरली आहे. बिल पूर्ण रकमेचं बनवायचं, २,२००. खाली लिहायचं: सवलत ४००. मामूंना कळतं की भाच्यानं ४०० रुपये दिले. कामाची किंमत १,८०० आहे असं त्यांना वाटत नाही आणि ते पुढच्या माणसाला तसं सांगत नाहीत. महिन्याला अशा सवलती किती द्यायच्या, याची एकच बेरीज ठरवलेली आहे. ती संपली की बहीण सांगते. तिला नाही म्हणायला आमच्याहून सोपं जातं.

गिऱ्हाईक भाव कमी करा म्हणालं, तर दर कमी करू नका, काम कमी करा. त्याला सांगा, ३,००० चं बजेट आहे ना, मग एकदाच पॉलिश होईल, बारीक ओरखडे जातील, खोल राहतील. हे लिहून द्या. बहुतेक लोकांना एवढंच हवं असतं. टॅक्सी चालवणारा माणूस आमच्याकडे येतो, त्याला आम्ही रबिंग विकतच नाही. त्याची गाडी रोज स्टँडवर उभी राहते, महिन्यात पुन्हा तशीच होणार. त्याला नीट धुणं आणि वर साधं वॅक्स. त्याचे पैसे वाचतात आणि तो दर महिन्याला येतो.

फोनवर दर सांगू नका. "अमुकपासून पुढे, गाडी बघून सांगतो" म्हणा. गाडी बघणं म्हणजे नुसतं डोळ्यांनी नाही. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. पत्र्यावर टेकवलं की एकूण थर किती मायक्रॉन ते दिसतं. क्लिअर कोट एकटा मोजत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही. पण सगळी गाडी १२० दाखवते आणि एक दरवाजा ३०० दाखवतो, म्हणजे तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. हजाराच्या वर गेला तर खाली लांबी भरलेली आहे. आणि एखादा भाग ८० च्या आसपास असेल, तर तिथे आधीच कुणीतरी भरपूर घासलेलं आहे, आपण मशीन लावायचं नाही. हे आकडे आम्ही गिऱ्हाइकासमोर कागदावर लिहितो, ओरखड्यांचे फोटो काढतो, त्याची सही घेतो. "हा डाग आधी नव्हता" असं भांडण त्यामुळे होत नाही.

जो ओरखडा नखाला अडकतो, तो पॉलिशनं जाणार नाही. हे आधी सांगा. सिरॅमिक कोटिंगबद्दलही आधी सांगा. '९एच', 'काच', 'हिऱ्यासारखं कडक' असं बाजारात बोलतात. ९एच हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याशी त्याचा संबंध नाही. चांगलं कोटिंग पाणी आणि घाण चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं, उन्हापासून थोडी मदत करतं. रस्त्यावरचा खडा लागला तर टवका उडणारच. आणि कोटिंगखाली जे ओरखडे राहतील, ते तसेच दिसत राहतील. म्हणजे खरी किंमत खालच्या कामाची आहे, बाटलीची नाही. दोन गिऱ्हाइकं हे ऐकून दुसरीकडे गेली. त्यातलं एक परत आलं.

कामाच्या तपासणीबद्दल एक गोष्ट मी माझ्या नोकरीतून आणली. आमच्याकडे जो प्रोग्राम लिहितो, तोच एकटा तपासत नाही, दुसरा बघतो. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. दुकानात आता ज्यानं गाडी केली, त्यानं तपासायची नाही. दुसरा कारागीर २२ ओळींची यादी हातात घेऊन लाइट मारतो. दारांच्या कडा, डिकीचं रबर, सीटखाली, काचांच्या आतल्या बाजू. तसंच, आधी बोनेटच्या हातभर जागेवर करून बघायचं. सौम्य पॅडनं काम होत असेल तर जाड पॅड घ्यायचाच नाही. जमिनीवर पडलेलं कापड परत गाडीला लागायचं नाही. आतल्या भागात पाण्याचा पाइप न्यायचा नाही, सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. आणि सीट ओली असताना गाडी द्यायची नाही, मग कितीही घाई असो.

कारागिरांना आम्ही गाडीमागे पैसे देत नाही, महिन्याचा पगार देतो. गाडीमागे पैसे दिले की हात घाई करतो, आणि घाई कुठे दिसते ते तुम्हाला सांगितलंच. आपल्याकडे उस्ताद-शागीर्दाची मोठी परंपरा आहे, पण उस्ताद शेवटची गोष्ट हातात राखून ठेवतो, अशीही परंपरा आहे. भावाच्या उस्तादानं त्याला रंगाचं मिश्रण कधी शिकवलं नाही. भाऊ आता सगळं यादीत लिहितो. शिकलेला पोरगा उद्या स्वतःचं दुकान टाकेल, ही भीती त्याला आहे. पण न शिकलेला पोरगा आज गाडी जाळेल, ती भीती जास्त मोठी आहे.

कागदांबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. सेवा देणाऱ्या धंद्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, तरीही प्रत्येक कामाचं बिल द्या. आपल्या ताब्यात असलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचा विमा घ्या. तारणाशिवाय मुद्रा कर्ज मागायला गेलात तर बँक आधी विचारते, धंदा दाखवा. आपली पोरं मेहनत भरपूर करतात, पण सगळं रोख आणि तोंडी. मग दाखवायला काही नसतं आणि घरातलं सोनं बाहेर निघतं. आमचंही तसंच निघालं. आता वर्षभराची बिलं आहेत, पुढच्या वेळी बँकेसमोर वही ठेवायची आहे.

आज आम्ही कुठे आहोत? गेल्या महिन्यात ३४० पैकी २९० तास विकले गेले. ८१,२०० रुपये. ९५,००० ला १३,८०० कमी पडले. भाडं दिलं, दोघांचे पगार ७ तारखेच्या आत दिले, हप्ता दिला. कमी पडलेले भावाच्या पगारातून गेले, त्याला ११,२०० मिळाले. तो गॅरेजात याहून जास्त कमवत होता. म्हणून मी इथे यशाची गोष्ट सांगायला उभा नाही. पण आधीच्या दरानं ३४० च्या ३४० तास भरले असते, तरी घरी एवढेही आले नसते, आणि का आले नाहीत ते कळलंही नसतं. आता कळतं की अजून ५० तास हवेत. ५० तास म्हणजे महिन्याला साडेतीन गाड्यांचं मशीनचं काम. एवढ्या गाड्या कुठून आणायच्या, याचा विचार करता येतो. नुसत्या काळजीचा विचार करता येत नाही.

तुम्हाला एकच काम देतो. आज रात्री घरी गेल्यावर वहीच्या एका पानावर महिन्याचा सगळा खर्च लिहा. त्यात स्वतःचा पगार लिहा. घरातलं जे कुणी तुम्हाला मदत करतं, त्याचाही लिहा. पुढचे चार आठवडे खरोखर विकले गेलेले तास मोजा आणि भागाकार करा. जो आकडा येईल तो तुम्हाला आवडणार नाही. तो भिंतीवर लावायची गरज नाही, पण पुढचं गिऱ्हाईक "जरा कमी करा ना" म्हणेल, तेव्हा तो तुमच्या डोक्यात असू द्या. म्हणजे कमी करताना आपण कुणाच्या वाट्याचं कमी करतोय, ते तरी माहीत असेल.

कुणाला आपल्या धंद्याचे आकडे घालून बघायचे असतील तर चहाच्या वेळी या, वही घेऊन आलो आहे.